लांबच्या मोटारसायकल प्रवासात शरीर कसे सांभाळावे?

सोलापुरातून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, अक्कलकोट त्याहून थोडे जवळ, पंढरपूर ७५ च्या आसपास, गाणगापूर शंभराच्या घरात आणि पुणे अडीचशे. या सगळ्या ठिकाणी माणसे मोटारसायकलवर जातात. कोणी दर्शनाला जातो, कोणी औषधांची किंवा बियाण्यांची बॅग घेऊन गावोगाव फिरतो, कोणी पुण्यात नोकरी करून शनिवारी रात्री घराकडे निघतो. उलट दिशेने, सगळ्या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या इंडी, अफजलपूर भागातून, रुग्णाला मागे बसवून सोलापूरच्या दवाखान्यात येणारे नातेवाईकही असतात. गाडी परवडते, एसटीची वाट बघावी लागत नाही. "मोटारसायकलवर लांब जाऊ नका" असे सांगून डॉक्टर मोकळा होऊ शकतो, पण हा सल्ला कोणी पाळत नाही आणि अनेकांना पाळणे शक्यही नसते.

म्हणून या लेखात जायचेच असेल तर कसे जावे, एवढेच पाहू. सुरुवातीला एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. प्रवासात अंग दुखणे, हात बधिर होणे, डोके जड होणे याला आपण "एवढे चालायचेच" म्हणतो. पण अवघडलेल्या माणसाचा ब्रेक उशिरा लागतो, बधिर बोटांना क्लच नीट कळत नाही आणि तापलेल्या डोक्याला समोरच्या ट्रॅक्टरचा अंदाज येत नाही. दुचाकीवर आराम ही चैन नसते. गाडीवरचा ताबा त्यावर अवलंबून असतो.

अंग का अवघडते?

खुर्चीत बसलेला माणूस नकळत सारखी हालचाल करतो. पाय बदलतो, टेकतो, उठतो. मोटारसायकलवर हे होत नाही. पाठीला टेकू नसतो, त्यामुळे कंबर आणि मानेचे स्नायू तासन् तास ताणलेले राहतात. ताणलेल्या स्नायूतून रक्त नीट वाहत नाही, म्हणून तो दुखू लागतो. त्यात इंजिनची थरथर आणि रस्त्याचे हादरे थेट माकडहाडातून मणक्यात चढतात. दोन मणक्यांमधल्या गादीवर बसलेल्या स्थितीत उभे असण्यापेक्षा जास्त दाब येतो. पुढे वाकून पोक काढून बसले की तो आणखी वाढतो.

चाळिशीच्या आतला धडधाकट माणूस हे दोन-तीन तास सहन करतो. पण ओपीडीत येणारे बरेच जण "गाडीवरून आल्यापासून कंबर धरली" म्हणतात, तेव्हा त्यांनी मध्ये कुठेच गाडी थांबवलेली नसते. पुण्याहून साडेतीन-चार तासांत "एका दमात" आल्याचे काही जण अभिमानाने सांगतात. मीही शिकत असताना हे केले आहे. दुसऱ्या दिवशी मोजे घालायला वाकता येत नव्हते.

तासाला एकदा उतरा

साधारण तासाभराने, म्हणजे ५०-६० किलोमीटरवर, गाडी बाजूला घ्या. दुखायला लागल्यावर थांबायचे असे ठरवू नका, कारण तोपर्यंत स्नायू आखडलेले असतात आणि पाच मिनिटांत ते सुटत नाहीत. पुण्याच्या रस्त्याला मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण अशी गावे सोयीच्या अंतरावर आहेत. घरातून निघतानाच कुठे थांबायचे ते ठरवले की "अजून थोडे पुढे" असे होत नाही.

थांबणे म्हणजे गाडीवर बसूनच मोबाईल बघणे नव्हे. खाली उतरा, हेल्मेट काढा, शंभर-दोनशे पावले चाला. कमरेवर दोन्ही हात ठेवून पाच-सहा वेळा हळूच मागे वाका. खांदे गोल फिरवा, मुठी उघडझाप करा. टाचा उचलून पंधरा-वीस वेळा चवड्यांवर उभे राहा. शेवटचा व्यायाम फालतू वाटतो, पण पोटरीचे स्नायू हे पायातले रक्त वर ढकलणारे पंपच आहेत. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात २००७ साली दिसून आले. निरोगी माणसात तो मुळात फार कमी असल्याने घाबरायचे कारण नाही. मात्र नुकतेच ऑपरेशन किंवा बाळंतपण झालेले, पायाला प्लॅस्टर असलेले, गर्भनिरोधक गोळ्या घेणारे किंवा पूर्वी गुठळी झालेले, अशांनी लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलावे.

कंबरेचा पट्टा बांधून निघावे का, असे अनेक जण विचारतात. आधीच कंबर धरलेली असेल तर थोडा वेळ आधार म्हणून चालेल, पण पट्ट्याने दुखणे टळते असे सिद्ध झालेले नाही. पट्टा आहे म्हणून सलग चार तास गाडी चालवणे तर नकोच.

निघण्यापूर्वीच अंगदुखीची गोळी खाणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या घेतलेल्या असताना शरीरातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. वयस्कर माणसे, मधुमेही आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांत हा धोका जास्त. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर अंगातले पाणी किती लवकर कमी होते, ते पुढे येईलच.

बसायचे कसे?

पाठ सरळ, पण काठीसारखी ताठ नको. टाकीला गुडघ्यांनी हलकेच धरले की शरीराचा तोल मांड्यांवर येतो आणि हातांवरचा भार कमी होतो. कोपर किंचित वाकलेले असावे. हात सरळ ताठ ठेवले तर प्रत्येक खड्ड्याचा दणका खांद्यात आणि मानेत जातो. गतिरोधक किंवा खड्डा आला की पायांवर जोर देऊन सीटवरून किंचित उठा. एवढ्याने मणक्याला बसणारा दणका बराच कमी होतो. स्कूटीवर हे नीट जमत नाही, म्हणून कंबरदुखी असणाऱ्याने खराब रस्त्यावर लांब जायला स्कूटीपेक्षा मोटारसायकल बरी.

पाठीवरची जड सॅक हे मानदुखीचे मोठे कारण आहे. सामान मागच्या कॅरियरला बांधा. सॅक घ्यावीच लागली तर पट्टे सैल करा, म्हणजे तिचा भार खांद्यावर न येता सीटवर टेकेल.

गाडीकडेही एकदा बघा. चाकात हवा जास्त असली की गाडी दगडासारखी उडते, कमी असली की हेलकावे खाते. एकट्याला किती आणि डबलसीट किती हवा हवी, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुतेक गाड्यांचे मागचे शॉकअप कमी-जास्त कडक करता येतात. मेकॅनिककडून वजनाप्रमाणे लावून घ्यायला पाच मिनिटे लागतात, पण वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही.

हेल्मेट डोक्यावर हलत असेल तर मान सतत ते सावरत राहते आणि दुखते. आयएसआय चिन्हाचे, गालांना घट्ट बसणारे, पट्टा लावता येणारे हेल्मेट घ्या. आत पातळ सुती टोपी किंवा रुमाल घातला तर घाम डोळ्यांत येत नाही आणि रोज धुताही येतो.

मागे बसणाऱ्याचे हाल जास्त होतात, कारण खड्डा कधी येणार ते त्याला दिसत नाही. चालवणाऱ्याने "खड्डा आला" एवढे सांगितले तरी पुरते. साडीमुळे एका बाजूला बसावे लागले तर मणका सगळा वेळ पिळलेला राहतो. लांबच्या प्रवासात शक्य असेल तर सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसणे कमरेला आणि तोलालाही चांगले. एका बाजूलाच बसायचे असेल तर अर्ध्या तासाने उतरा. पदर, ओढणी, स्कार्फ यांची टोके आत खोचलेली हवीत. चाकात किंवा चेनमध्ये अडकलेल्या ओढणीने गळ्याला आवळून झालेले अपघात डॉक्टरांनी पाहिलेले आहेत. मागच्या चाकाची जाळी, पाय ठेवायची जागा आणि धरायची कडी या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीला असाव्याच लागतात. दिसायला बरे म्हणून जाळी काढून टाकू नका.

हाताला मुंग्या येतात

मनगटातून आणि तळहाताच्या कडेने जाणाऱ्या नसा थरथर आणि दाब यांमुळे दुखावतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होत असेल तर मनगटातली नस, करंगळीकडे मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची नस, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. मूठ आवळून धरू नका. मनगट वर किंवा खाली वाकलेले नको, कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष हवी. हँडलचे जुने कडक झालेले रबरी ग्रिप बदलून मऊ बसवले तर फरक पडतो. रात्री झोपेतही हात बधिर होऊन जाग येत असेल, किंवा बटण लावताना बोटे साथ देत नसतील, तर तो केवळ गाडीचा त्रास नाही. मधुमेह आणि थायरॉईड तपासून घ्यायला हवे.

सीट, घाम आणि जांघेतली खाज

उन्हात उभ्या गाडीची रेक्झिनची सीट तव्यासारखी तापते. तिच्यावर घाम जिरत नाही, मांड्या आणि जांघा ओल्या राहतात. सोलापूरचा जाड सुती टॉवेल सीटवर पसरून बसणे हा जुना उपाय आजही चांगला आहे. घडी पडू देऊ नका, नाहीतर घडीच्या जागी कातडी सोलते, आणि टॉवेल नीट बांधा, तो घसरला तर तुम्हीही घसराल. आतले कपडे सुती, फार घट्ट नसलेले आणि शिवण मांडीखाली न येणारे हवेत. जीन्सपेक्षा सुती पँट बरी.

जांघेत गोल, कडेने लाल, खाजणारे चट्टे आले तर तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग असतो. औषधाच्या दुकानातून "खाजेची ट्यूब" आणून लावायची सवय इथे फार मोठी समस्या झाली आहे. त्यांतल्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा पसरतो आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. त्वचारोग तज्ज्ञाला दाखवा, सांगितलेले आठवडे औषध पूर्ण करा, घरातल्या इतरांनाही खाज असेल तर त्यांनाही दाखवा.

माकडहाडाजवळ दोन्ही कुल्ल्यांच्या फटीत दुखरी गाठ येऊन पू वाहत असेल तर लाजून घरी बसू नका. केसांमुळे आणि सततच्या घर्षणाने होणारा हा आजार दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये बसणाऱ्या सैनिकांत इतका दिसला की त्याला "जीपचा आजार" असेच नाव पडले होते. तरुण पुरुषांत तो जास्त होतो आणि त्यावर उपचार सर्जन करतात.

सोलापूरचे ऊन

आता सर्वांत महत्त्वाचे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो, आणि गाडीवर वारा लागतो म्हणून ऊन जाणवत नाही, असे अनेकांना वाटते. हा समज फसवा आहे. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३४-३५ अंश असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तरच वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४२ अंशांची असेल तर तोच वारा भट्टीसमोर उभे राहिल्यासारखा उष्णता अंगात घालतो. अशा वेळी घाम वाळणे हा शरीर थंड ठेवण्याचा एकमेव मार्ग उरतो. कोरड्या वाऱ्यात घाम इतक्या झटपट वाळतो की शर्ट ओला दिसतच नाही. "मला घामच आला नाही" असे म्हणणाऱ्याच्या शर्टावर पाठीला मिठाचे पांढरे डाग असतात.

म्हणून अर्ध्या बाह्यांचा शर्ट थंड आणि पूर्ण बाह्यांचा गरम, हा हिशेब उन्हाळ्यात उलटा होतो. सैल, पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा सुती शर्ट घाला. इथली हवा कोरडी असल्याचा एक फायदाही आहे. प्रत्येक थांब्यावर शर्टाची छाती-पाठ आणि गळ्याभोवतीचा पंचा पाण्याने भिजवला तर पुढचा काही वेळ चांगला गारवा मिळतो. पंच्याची टोके मात्र शर्टात खोचा. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही, आपल्याकडे चालतो.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्या. उन्हात साधारण तासाला अर्धा लिटर लागेल असे धरा. दोन-तीन तासांहून जास्त प्रवास असेल तर नुसत्या पाण्याबरोबर मीठही जायला हवे. मीठ घातलेले ताक उत्तम. ओआरएसचे मोठे पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवा. अर्धे पाकीट पेल्यात टाकून पिऊ नका. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल तर ती दिवसभर टिकते, पण तिखट-मिठाने तहान वाढते, तेव्हा ती खाताना पाणी हाताशी ठेवा. रसवंतीचा रस मधुमेह नसलेल्यांना चालेल, पण बर्फाशिवाय. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसते, आणि कावीळ, विषमज्वर तिथूनच येतात. बिअर हे उन्हाचे औषध नाही. तिने लघवी जास्त होते, अंगातले पाणी घटते आणि गाडीवरचा ताबा जातो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाण्याचे माप घालून दिलेले आहे, त्यांनी हा अर्धा लिटरचा हिशेब स्वतःला लावू नये. उन्हात लांब जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

उन्हाळ्यात सकाळी ११ ते संध्याकाळी ५ ही वेळ टाळा. पहाटे पाचला निघालात तर थांबत थांबतही पुणे अकराच्या सुमारास येते.

डोके दुखणे, मळमळ, पोटरीत गोळे येणे, चक्कर, खूप थकवा ही ऊन लागल्याची पहिली लक्षणे. त्याच क्षणी सावलीत थांबा, कपडे सैल करा, अंग ओले करा, पाणी प्या आणि त्या दिवशी पुढे गाडी चालवू नका. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, झोक जाऊ लागला, झटका आला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात आहे, मग अंगाला घाम असो वा नसो. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. सावलीत घ्या, जादा कपडे काढा, मिळेल ते पाणी अंगभर ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. दवाखान्यात पोचण्याआधी शरीर किती लवकर थंड केले, यावर अनेकदा जीव वाचणे अवलंबून असते.

लघवी लागेल म्हणून पाणी न पिणे

हे प्रामुख्याने स्त्रियांचे दुखणे आहे आणि दोष त्यांचा नाही. वाटेत स्वच्छ जागा मिळत नाही, म्हणून त्या निघायच्या आदल्या तासापासून पाणी बंद करतात. परिणामी लघवीला जळजळ, मूतखड्याचा त्रास, उन्हाची चक्कर. थांबे ठरवताना एसटी स्थानक, मोठा पेट्रोल पंप किंवा कुटुंबे थांबतात असा ढाबा निवडा. घरातल्या पुरुषांना सांगणे एवढेच की बाई "थांबा" म्हणण्याआधी तुम्हीच थांबा, ती बहुधा म्हणणारच नाही. लघवी गडद पिवळी झाली असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

झोप

चौपदरी सरळ रस्त्यावर ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटरहून जास्त अंतर, डोळे मिटलेले. रात्री दोन ते पहाटे सहा आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार, या वेळा शरीराच्या घड्याळानुसारच झोपेच्या असतात. तंबाखू, गुटखा, मोठ्याने गाणी, तोंडावर वारा यांनी डुलकी टळत नाही. मागचा किलोमीटर आठवत नाही, गाडी पांढऱ्या पट्ट्याकडे सरकते आहे, जांभया थांबत नाहीत, असे झाले की गाडी ढाब्यावर लावा, एक कप चहा प्या आणि बाजेवर वीस मिनिटे झोपा. चहाचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठल्यावर दोन्हीचा फायदा मिळतो. हाही तात्पुरताच उपाय. रात्रपाळी करून थेट लांब निघणे टाळा.

सर्दीच्या बहुतेक गोळ्या, खोकल्याची काही औषधे, ॲलर्जीची सेटिरिझिन आणि झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या यांनी गुंगी येते. डॉक्टरांकडून औषध घेतानाच सांगा की मला गाडी चालवायची आहे. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा कुठेही डुलकी लागणाऱ्या माणसाने झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची तपासणी करून घ्यावी.

मधुमेह आणि रक्तदाब असेल तर

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि "दर्शन झाल्यावरच जेवू" म्हणून उपाशी निघाले, असे फार घडते. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, धडधडते, समोरचे धूसर दिसते. गाडी चालवताना हे जीवघेणे आहे. खिशात, डिकीत नव्हे तर खिशात, साखर किंवा ग्लुकोज ठेवा. लक्षण जाणवताच थांबा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा प्या, मग काहीतरी खा. लगेच गाडी सुरू करू नका, डोके पूर्ण ताळ्यावर यायला आणखी वेळ लागतो. उपवास करायचाच असेल तर औषधाचा डोस आधी डॉक्टरांना विचारून बदला.

इन्सुलिन उन्हातल्या डिकीत खराब होते. लहान थर्मास वापरा किंवा ओल्या कापडात गुंडाळून सावलीत न्या. बर्फाला थेट लावू नका.

मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्या माणसाला सायलेन्सरचा चटका कळत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर पोटरीवर फोड दिसतो आणि महिन्याभराने तीच जखम चिघळून दवाखान्यात येते. चपलेऐवजी बंद बूट, पूर्ण पँट आणि रोज रात्री पायांची तपासणी. चटका बसलाच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. उन्हाळ्यात त्याने चक्कर येऊ शकते, गाडीवरून उतरून एकदम उभे राहताना विशेष. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

ऑपरेशननंतर, गरोदरपणात, मुलांबरोबर

दवाखान्यातून सुट्टी झालेल्या रुग्णाला मोटारसायकलवर मागे बसवून साठ-सत्तर किलोमीटर नेणारे नातेवाईक नेहमी दिसतात. पैशांची अडचण समजते. पण भूल किंवा गुंगीचे औषध दिल्यानंतर २४ तास रुग्णाने गाडी चालवू नये, आणि त्याच दिवशी मागेही बसू नये, पकड सुटते. पोटाच्या किंवा मणक्याच्या ऑपरेशननंतर किती दिवस थांबायचे ते ऑपरेशनवर ठरते, तेव्हा सुट्टीच्या कागदावर लिहून मागा. एक साधी कसोटी अशी की अचानक जोरात ब्रेक दाबताना किंवा पाय टेकून गाडी सावरताना दुखेल असे वाटत असेल, तर अजून चालवायची वेळ आलेली नाही. वयस्कर आई-वडिलांना दवाखान्यात आणताना एसटी किंवा शेअर जीप बघा. अशक्त माणूस तुमच्या पाठीला धरून किती वेळ राहील याचा भरवसा नसतो.

गरोदर स्त्रीला गाडीच्या हादऱ्यांनी गर्भपात होतो असे नाही. खरी भीती पडण्याची. शेवटच्या महिन्यांत तोल बदललेला असतो. रक्तस्राव झालेला असेल किंवा वार खाली असल्याचे सोनोग्राफीत सांगितले असेल तर दुचाकी पूर्ण टाळा.

चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधणारा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेग असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. टाकीवर बसवलेले मूल उन्हात आणि वाऱ्यात सर्वांत आधी सुकते आणि झोपले की घसरते. आई-वडिलांच्या मध्ये दाबून बसवलेले मूल उन्हाळ्यात गुदमरल्यासारखे तापते. लहान मुलासह शंभर किलोमीटरचा दुचाकी प्रवास आम्ही सुचवत नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीने साधी अंगदुखी जाते. दोन आठवड्यांनंतरही कंबर दुखत असेल, कळ पायात उतरत असेल किंवा हात बधिर राहत असेल तर अस्थिरोग तज्ज्ञाला दाखवा.

पुढील गोष्टींत मात्र उद्याची वाट पाहू नका. कंबरदुखीबरोबर गुप्तांगाभोवतीची जागा, म्हणजे सीटला टेकणारा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, पायांतली ताकद गेली, तर मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याची शक्यता असते आणि काही तासांत उपचार लागतात. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर शिरेतली गुठळी असू शकते. ती पोटरी चोळू नका, मालिश करू नका. त्यातच दम लागला किंवा छातीत दुखले तर १०८ ला फोन करा. गाडी चालवताना छातीत दाब येऊन घाम सुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ते "गॅस" समजून पुढचे गाव गाठायचा प्रयत्न करू नका. गाडी जागेवर लावा, बसा आणि फोन करा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका, आणि दोघांच्या मध्ये बसवून नेण्यापेक्षा रुग्णवाहिकेची वाट पाहणे जास्त सुरक्षित आहे.